घुंडीचा चाकू

देवळीच्या बाजारओळीत डोमाजी लोहाराचं दुकान कुठं म्हणून विचारलं, तर लोक पाटी दाखवत नाहीत. "थे पाय, एका हाताची बाई बसली हाय ना, थेच," म्हणतात. सुलोचनाबाईच्या कानावर हे इतक्यांदा पडलं आहे की आता ती मान वर करून बघतही नाही.

ती मूळची अल्लीपूरची. बापाचीही भट्टीच होती, त्यामुळे लग्न होऊन देवळीला आली तेव्हा तिला नवीन असं काही शिकावं लागलं नाही. डोमाजी सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवायचा, लहान हातोड्यानं टक् करून जागा दाखवायचा, आणि त्या जागेवर सुलोचना दोन्ही हातांनी घण घालायची. दोघांमध्ये तासन्‌तास शब्द व्हायचा नाही आणि त्याची गरजही पडायची नाही. फाळ घेऊन आलेले शेतकरी झाडाखाली बसून बिडी ओढत म्हणायचे, डोमाजीची बायको घण मारते तर लोखंड स्वतःहून सरकते. डोमाजी हसायचा. त्याला बायकोचा अभिमान होता.

डोमाजी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, हात उगारणं नाही, कामात लबाडी नाही. त्याचा विळा एका हंगामात बोथट झाला असं कोणी सांगू शकणार नाही. पुढं जे झालं त्याला माणूस वाईट असावा लागत नाही.

एका वर्षी सोयाबीन कापून झालं, भट्टीवरचं काम पातळ झालं, म्हणून सुलोचना शेजारच्या शकुंतलाबाईबरोबर एका शेतात मळणीला गेली. थ्रेशरमध्ये पेंढ्या सारायचं काम होतं. वाळलेल्या झाडांचा एक गुंता आत ओढला गेला, त्यात तिची बांगडी अडकली, आणि ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद करेपर्यंत डावा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला होता. वर्ध्याला नेताना जीपमध्ये शकुंतलाबाईच हंबरडा फोडून रडत होती. सुलोचनानं तिला दरडावलं.

"चूप राय व! हात तुहा गेला का माहा?"

हे शकुंतलाबाई अजून सगळ्यांना सांगते. दवाखान्यात टाके उसवले, पुन्हा घातले, तरी सुलोचना रडली नाही. रडण्याचं तिला वावडं होतं अशातला भाग नाही. माय गेली तेव्हा ती रडली होती. पण हातासाठी रडू येईना. राग यायचा. छताकडे बघत ती पडून राहायची आणि दात आवळायची. शेजारच्या खाटेवरच्या बायांना ती मोठी कठोर वाटली.

घरी आली तेव्हा घणाकडे पाहायचं कारण उरलं नव्हतं. घण एका हाताचं काम नाही. डोमाजीनं थोडे दिवस भाड्याचा माणूस लावून पाहिला, मग नागपुरावरून विजेवर चालणारा घण आणला. ती जिथं पाय रोवून उभी राहायची, त्याच फरशीला तो बोल्टानं आवळला. सुलोचनाला त्यानं पुढं दुकानावर बसवलं. "तू माल विकजो," तो म्हणाला. "बसून काम हाय. तरास नाई."

विळे, खुरपी, कुऱ्हाडी, अडकित्ते विकायला खरंच त्रास नव्हता. एका हातानं उचलायचं आणि पुढं करायचं. अडचण होती ती घडीच्या चाकूची. गुराखी, शेळ्यावाले, संत्र्याच्या बागेत जाणारे, बांबू कापणारे हे चाकू न्यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, पातं दाखवा. आणि घडीचा चाकू दोन हातांसाठीच केलेला असतो. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत घालून ओढायचं. दुसरा हातच नाही, तर त्या खाचेचा काय उपयोग? सुलोचनानं मग दात वापरले. मूठ हातात धरायची, पात्याची पाठ दातात पकडायची आणि मान मागं न्यायची. तोंडात लोखंडाची आणि तेलाची चव दिवसभर राहायची.

एकदा पातं दातातून सटकलं आणि परत मिटताना खालचा ओठ कापून गेलं. समोर गिऱ्हाईक होतं. भला माणूस. त्यानं घाईनं चाकू तिच्या हातातून घेतला.

"राहू द्या बाई, मी उघडतो ना. तुमी कायले तरास घेता?"

त्या दिवसापासून प्रत्येकच जण तिच्या हातातून चाकू काढून घ्यायला लागला. कोणी हसून, कोणी कीव करून. ज्याला माल विकायचा त्यानंच तो उघडायचा, त्यानंच धार बघायची, त्यानंच मिटून परत द्यायचा. ओठ आठवड्याभरात भरून आला. पण रोज कोणी ना कोणी "राहू द्या बाई" म्हणे, आणि दिवसभर तेच तिच्या डोक्यात घोळत राही.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. पुढ्यात धार लावायला आलेल्या जुन्या विळ्यांचा ढीग होता. त्यातल्या एकाची लाकडी मूठ कुजून अर्धी गळून पडली होती. एक खिळा अजून मुठीत पक्का होता, दुसरा नुसताच पात्यात अडकून, डोकं वर काढून उभा होता. सुलोचनानं तो विळा उचलला, बाजूला टाकायला म्हणून. उचलताना तिचा अंगठा त्या वर आलेल्या खिळ्याला टेकला आणि पातं गर्रकन फिरलं. तिनं ते मांडीवर दाबून जागेवर आणलं आणि पुन्हा अंगठ्यानं खिळा रेटला. पुन्हा फिरलं. मुठीची पकड जराही सुटली नव्हती.

ती तशीच विळा घेऊन मागं भट्टीवर गेली.

"अवो, हे पाहा."

डोमाजी कानस मारत होता. त्यानं तिरप्या नजरेनं पाहिलं. "काय पाहू? मूठ सडली हाय. फेक तिकडं."

"मूठ नाई, खिळा पाहा. असा खिळा घडीच्या चाकूले लावला तर? पात्यावर. नखाची खाच ठेवाचीच नाई. अंगठ्यानं रेटलं का चाकू उघडला. एकाच हातानं."

"खिळा वर आला तर लोक म्हणतीन लोहाराले खिळा बसवता येत नाई."

"खिळा नका म्हणू. घुंडी म्हणा. सदऱ्याले असते तशी."

"अन् खिशात अडकन थे?"

"अडकू द्या. उघडन तर खरं."

डोमाजीनं पहिल्यांदा टाळलं, दुसऱ्यांदा टाळलं. ती रोज विचारायची. शेवटी तिचं तोंड बंद करायला म्हणून त्यानं एका भंगार पात्याला घुंडी बसवून दिली. घुंडी फिरणाऱ्या खिळ्याच्या अगदी जवळ लागली होती. अंगठ्यानं कितीही जोर केला तरी पातं हलेना. "झालं समाधान?" तो म्हणाला. ती म्हणाली, "पुढं सरकवा." दुसऱ्या वेळी घुंडी इतकी पुढं गेली की अंगठाच पोचेना. मग तिनं स्वतः मूठ हातात धरली, अंगठा जिथवर मोकळा जातो तिथं कोळशानं खूण केली, आणि तिथं घुंडी लागली. तरी जमेना. मुठीच्या पाठीत जी पोलादी पट्टी असते, चाकूला उघडा तर उघडा आणि मिटलेला तर मिटलेला धरून ठेवणारी, ती फार कडक होती. डोमाजीनं ती घासून पातळ केली. आता चाकू उघडायला लागला, पण खिशातही आपोआप उघडायला लागला. पट्टी पुन्हा बदलली.

ही घुंडी तिच्या डोक्यातून निघाली होती आणि ती लोखंडात उतरवणारा हात त्याचा होता. सुलोचनानं हे कधी नाकारलं नाही. ती समोर बसून चाकू उघडायची, मांडीवर पात्याची पाठ दाबून मिटवायची, पुन्हा उघडायची, आणि सांगायची: सुरुवातीला जड जाते, मधात हलकं पडते, शेवटी धक्का बसते. तिच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथं घट्टा पडला. हात गेल्यापासून ती दोघं पहिल्यांदाच एका लोखंडावर बसली होती. ती मधेच काही बोलायची आणि डोमाजी न विचारता तेच करायला घ्यायचा. सुलोचनाला ते दिवस लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांहूनही चांगले वाटले. असं वाटलं हे ती आता कोणाला सांगत नाही.

शेवटी जो चाकू साधला तो डोमाजीनं मन लावून घासला. बाभळीची मूठ, पितळेची घुंडी. तो तिचा. त्यानंच तिच्या हातात ठेवला. "घे. आता कोणी तुह्या हातातून चाकू घेणार नाई."

आणि कोणी घेतला नाही. गिऱ्हाईक आलं की सुलोचना नुसता अंगठा हलवायची आणि पातं बाहेर. लोक दोनदा-तीनदा उघडून दाखवायला लावायचे. शेळीची दोरी एका हातात असलेला माणूस, झाडाच्या फांदीला धरून बसलेला माणूस, अशांना तर तो फारच सोयीचा पडला. गावोगावचे लोक येऊन 'घुंडीवाला' मागायला लागले.

वर्ध्याचे लक्ष्मणराव हे हार्डवेअरचे मोठे दुकानदार. हंगामाच्या आधी विळे ठोक न्यायला यायचे. त्यांनी सुलोचनाला चाकू उघडताना पाहिलं आणि तिथंच थांबले. चाकू हातात घेऊन उलटापालटा केला. मग मागं भट्टीकडे तोंड करून विचारलं,

"डोमाजी, ही आयडिया कोणाची हो?"

डोमाजीनं कानशीवरून मान वर केली नाही. "आपलीच," तो म्हणाला.

सुलोचनाला त्या उत्तराचं बरं वाटलं. आपली म्हणजे दोघांची, असं तिनं ऐकलं. माणूस विनयानं 'माझी' म्हणायचं तेव्हाही 'आपली' म्हणतो, हे तिच्या ध्यानात यायला पुढचे कित्येक महिने गेले.

दुसऱ्या दिवशी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. परत येऊन पाहते तर तिचा चाकू गल्ल्याशेजारच्या खणात नव्हता.

"माहा चाकू कुठं गेला?"

"लक्ष्मणरावले देल्ला. आज पुन्हा आला होता. नमुना पायजे म्हणत होता. काचेच्या पेटीत ठेवतो म्हणे दुकानात."

"दुसरा द्याचा होता ना."

"त्याच्यावानी दुसरा कुठं हाय? थोच सगळ्यात साफ होता. तुले करून देतो ना मी. आठ दिवसांत देतो."

आठ दिवसांत लक्ष्मणरावांची मागणी आली, आणि त्यानंतर ती येतच राहिली. डोमाजीला भट्टीवरून उठायला सवड नव्हती. झालेला प्रत्येक चाकू वर्ध्याला जायचा. सुलोचना आठवण करून द्यायची, तो खरोखरच ओशाळायचा आणि म्हणायचा, हा माल जाऊ दे, मग तुझाच. घुंडीचे चाकू खोकी भरून तिच्या समोरून जायचे. दुकानावर विकायला उरायचे ते जुने, नखाच्या खाचेचे. सुलोचना पुन्हा दातांनी चाकू उघडायला लागली. आणि लोक पुन्हा म्हणायला लागले, राहू द्या बाई.

मग एक दिवस लक्ष्मणराव गाडी घेऊनच आले. वर्ध्याच्या व्यापाऱ्यांनी गावातल्या कारागिरांचा सत्कार ठरवला होता. डोमाजीचं नाव त्यांनीच दिलं होतं. "वहिनींना पण आणा," ते जाताना म्हणाले. "त्यांच्याशिवाय मजा नाही."

सुलोचनानं ठेवणीतली जांभळी साडी नेसली. मुलगी आचल वर्ध्याच्या कॉलेजात शिकते, ती परस्पर सभागृहात आली आणि आईच्या शेजारी पहिल्या रांगेत बसली. मोबाइल वर धरून तिनं चित्रण सुरू केलं. डोमाजीला शाल दिली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. डोमाजी माइकसमोर उभा राहिला. जन्मात कधी चार माणसांसमोर न बोललेला माणूस. आधी अडखळला, मग त्यानं लक्ष्मणरावांकडे पाहिलं, आणि पाठ केल्यासारखा सुरू झाला.

"माह्या बायकोचा हात मशीनमंदी गेला. थे काईच करू शके ना. दिवसभर कोपऱ्यात बसून रडे. साधा कांदा चिराचा तरी माह्या तोंडाकडे पाहे. थे रडनं मले पाहवलं नाई. मी देवाले म्हनलं, देवा, मले काई तरी सुचव. अन् मग एक दिवस मले हे घुंडी सुचली."

सभागृहात कोणीतरी नाक ओढलं. आचलच्या डोळ्यात पाणी होतं. सुलोचना समोर बघत राहिली. आपल्याविषयीच बोलताहेत हे तिला कळत होतं, पण ती कोपऱ्यातली रडकी बाई कोण हे कळत नव्हतं.

"ताईंना वर बोलवा," कोणीतरी म्हणालं. दोन बायकांनी तिला दंडाला धरून मंचावर नेलं, जणू पायही गेले असावेत. सूत्रसंचालकानं तिच्या हातात चाकू दिला. काचेच्या पेटीतला. बाभळीची मूठ, पितळेची घुंडी. तिचाच. अंगठा आपल्या जागेवर गेला, पातं उघडलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ताई, काय वाटते तुम्हाला? एवढं प्रेम करणारा नवरा!" सूत्रसंचालकानं माइक तिच्या तोंडासमोर धरला.

"घुंडी म्या सांगतली," सुलोचना म्हणाली. "विळ्याचा खिळा पाहून. म्या सांगतली याइले."

मग सूत्रसंचालकानं माइक आपल्याकडे घेतला आणि हसत म्हणाला, "बघा मंडळी! बायकोनं सांगितलं म्हणजे ऐकावंच लागतं! कोणत्या घरात वेगळं आहे?"

सगळं सभागृह हसलं. पुरुष हसले, बायका त्यांच्याहून मोठ्यानं हसल्या. डोमाजीही हसला. चाकू तिच्या हातातून परत घेऊन पेटीत ठेवला गेला.

देवळीच्या एसटीत डोमाजी खिडकीशी बसला होता, मांडीवर शाल आणि नारळ. वाटेतलं सावंगी गाव मागं पडलं. मग तोच म्हणाला,

"तुले तिथं बोलाची काय गरज होती? हसलं ना लोकं."

"खोटं बोलली का मी?"

"खोटं कोण म्हनते? पण घरातल्या घरात तुहं काय अन् माहं काय? नाव झालं थे आपलंच झालं ना."

"घुंडी घ्या तुमाले," सुलोचना म्हणाली. "घुंडीचं मी काई बोलत नाई. मी कधी रडली थे सांगा."

डोमाजी बाहेर बघायला लागला.

"दवाखान्यात रडली? घरी रडली? कांदा चिराले कधी तुमाले हाक मारली? पायानं विळी दाबून चिरत होती मी. तुमीच पाहत होते. मंग काऊन सांगतलं तसं?"

"लक्ष्मणराव म्हने, असं बोला. लोकायले तसंच लागते," डोमाजी पुटपुटला. "मी काय मनानं बोललो?"

"मनानं बोलले असते तर बरं झालं असतं."

पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं. स्टँडवर उतरल्यावर डोमाजीनं नारळ तिच्याकडे दिला, आणि तो तिनं घेतला.

आचलनं ते भाषण मोबाइलवर सगळ्यांना पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, माझे बाबा. सुटीत घरी आली तेव्हा सुलोचना तिला म्हणाली, "तेव्हा तू तर घरात होती ना व. तुले माहीत हाय ना कोणं सुचवलं?"

"माहीत आहे गं आई. पण बाबांचं एवढं नाव झालं, तर कशाला? त्यांना किती आनंद झालाय बघ ना."

सुलोचनानं बघितलं. आनंद झाला होता हे खरंच होतं. डोमाजी आता भट्टीवर गुणगुणायचा. गिऱ्हाइकांना बसवून घ्यायचा, चहा मागवायचा आणि गोष्ट सांगायचा. प्रत्येक वेळी ती कोपऱ्यातली बाई थोडी जास्त रडायची. एकदा तर तिनं विहीर जवळ करायचं ठरवलं होतं, असंही सुलोचनानं पडद्याआडून ऐकलं. हे सांगताना त्याला स्वतःलाच दोनदा थांबावं लागलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता त्याला ते खरं वाटायला लागलं आहे. त्याच्याशी भांडायला जागाच राहिली नव्हती.

हे सगळं उलटलं ते आचलच्याच मोबाइलनं. मैत्रिणींना बाबांचा चाकू दाखवायला तिनं काहीतरी शोधलं, आणि चित्रांची रांगच लागली. पात्यावर घुंडी असलेले चाकू, अंगठ्यासाठी भोक पाडलेले चाकू, पाठीला कळ असलेले चाकू. विदेशात असे चाकू कितीतरी वर्षांपासून होत होते. कोणी लढाईत हात गेलेल्यांसाठी केले होते, कोणी झाडावर, दोरखंडावर काम करणाऱ्यांसाठी. आचलनं जेवताना सहज बापासमोर मोबाइल धरला.

डोमाजीचा घास हातात राहिला. त्यानं एकेक चित्र पाहिलं. "मशीनचे हायेत हे," तो म्हणाला. "याचं काई सांगू नको."

"पण बाबा, आपल्या आधीचे आहेत."

"म्हनलं ना सांगू नको!"

तो ताटावरून उठला. आचल आईकडे वळून म्हणाली, "बघ आई, तूही नाही आणि बाबाही नाही. उगाच तुमचं इतके दिवस चाललं होतं."

सुलोचनानं त्याचं ताट झाकून ठेवलं. "जगाचं मले काय माहीत," ती म्हणाली. "जगात कोणं पहिले केलं थे जगानं पाहावं. या घरात कोणं केलं, एवढंच मी विचारत होती."

आचलला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं मोबाइल खिशात टाकला.

लक्ष्मणरावांना मात्र ही बातमी कोणी सांगायची गरज पडली नाही. त्यांच्या दुकानात तोवर कारखान्यातले घुंडीचे चाकू आले होते. चकचकीत, प्लास्टिकच्या पुडीत, भाराभर. डोमाजीचा चाकू लोकांना आवडत नव्हता असं नाही, पण तो वेळेवर मिळायचा नाही आणि प्रत्येकाची घुंडी केसभर वेगळी असायची. मागणी आधी कमी झाली, मग आलीच नाही. डोमाजी एकदा वर्ध्याला जाऊन आला. काचेच्या पेटीत आता कसले तरी नळ मांडले होते. नमुन्याचा चाकू कुठं गेला हे नोकरांना सांगता आलं नाही.

"तुहा चाकू हरवला त्यायनं," घरी येऊन तो म्हणाला. खूप दिवसांनी तो 'तुझा' म्हणाला होता. सुलोचनानं त्याला पाणी दिलं. त्याच्यावर ओरडावं असं तिच्या मनात आलं, पण त्याचा चेहरा इतका पडला होता की तिला तेही करता येईना. रागवायचा हक्कही यानं आपल्याला ठेवला नाही, असं तिला वाटलं.

डोमाजी पुन्हा विळ्यांवर आला. त्यानं तिच्यासाठी दुसरा चाकू केला, अखेर. मूठ सागाची, घुंडी लोखंडी. चांगला आहे, उघडतो. पण तो करताना त्यानं तिला समोर बसवलं नाही, काही विचारलं नाही. त्याला आता विचारायची गरज नव्हती. त्याला ते स्वतःला सुचलेलं होतं. बाकी सगळं सुटलं तरी गोष्ट त्यानं सोडली नाही.

या उन्हाळ्यात रूपराव नावाचा माणूस दुकानावर आला. तिशीतला, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. उजवा हात कोपरापासून गेलेला. जखम अजून ओली होती, बाही सेफ्टी पिननं टाचली होती. कोणीतरी त्याला देवळीच्या चाकूचं सांगितलं होतं. डोमाजीनं त्याला बाकावर बसवलं आणि गोष्ट सुरू केली. कोपरा, कांदा, विहीर, देव. रूपराव मान खाली घालून ऐकत होता. गोष्ट संपली आणि डोमाजी माल काढायला मागं गेला, तेव्हा तो सुलोचनाजवळ सरकला.

"मावशी, एक विचारू?"

"विचार ना."

"तुमी खरंच रडत होत्या?"

सुलोचनानं हातातला विळा खाली ठेवला.

"मी रोज रडतो मावशी," तो हळूच म्हणाला. "बायको झोपली का रडतो. गडीमाणूस असून रडतो म्हणून लाज वाटते. घरचे म्हनतेत, असं रडून होते काय? वाटे, माह्यातच काई कमी हाय. आज तुमचं ऐकलं तर जरा हलकं वाटलं. तुमी बी रडल्या अन् मंग एवढ्या धीराच्या झाल्या. मंग मीई होईन ना?"

त्याचा डावा हात मांडीवर पडला होता, अजून काहीच न येणारा हात. सुलोचनाच्या जिभेवर आलं होतं, नाही बापा, मी नाही रडली, एक दिवस नाही. हे सगळं त्यायनं बनवलं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं ते यानं.

"हो रे बापा," ती म्हणाली. "लय रडली मी."

रूपरावनं डोळे पुसले. मागं डोमाजी चाकू हातात घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर कसलं तरी मोठं समाधान पसरलं, बायकोनं जुना राग सोडला असं काहीतरी त्याला वाटलं असावं. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "याले घुंडी उलट्या बाजूनं लागन. डाव्या हाताचा हाय." डोमाजीनं मान डोलावली आणि तो भट्टीकडे गेला.

तेव्हापासून तो गोष्ट सांगताना मधेच थांबतो, दुकानाच्या पुढच्या बाजूला बोट करतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "खोटं वाटत असन तर थिलेच विचारा." गिऱ्हाईक वळून पाहतं. आणि सुलोचनाबाई हो म्हणते.